बार काढायचा कुठे?

घरातल्या छर्र्याच्या बंदुकीने सरावाचा बार काढायचा कुठे, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर हा विषय मी आजवर ओटीवर बसूनच बोलत आलोय. प्रश्न एकच असतो, विचारणारा तेवढा बदलतो. कुणाच्या वडलांच्या पश्चात काडतुसाची बंदूक त्याच्या नावावर झालेली असते, कुणी रानडुकरांना आणि माकडांना कंटाळून शेतीसंरक्षणाचा परवाना काढलेला असतो. गेल्या मे महिन्यात ऐन आंब्याच्या गडबडीत पुतण्याचा फोन आला, "काका, बंदूक तर इली घरात. आता बार काढूचो खंय?"

मी म्हटलं, आंबे उतरू देत, मग ये. तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो.

बंदूक हातात आली की माणसाला वाटतं, कोकणात जागेला काय तोटा! एवढा किनारा पडलाय, एवढे सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, पडलेत. तर आधी किनारा. संध्याकाळी वाळूवर चिटपाखरू नसतं आणि समोर नुसतं पाणी, हे खरं. पण छर्रा पाण्यावर सपाट कोनात पडला की बुडत नाही. लहानपणी आपण चपटी खापरी फेकायचो, ती टप टप उड्या मारत जायची, तसा तो पुढे जातो. त्या पुढे कोणाची होडी आहे ते मावळत्या उन्हात दिसत नाही. आणि किनारा म्हणजे चारचौघांची जागा. तिथे बंदूक काढलीत तर पहिल्या बाराआधी गावभर फोन गेलेले असतील, आणि जावेतच.

सड्यावर माणूस नाही असं फक्त मुंबईहून आलेल्यालाच वाटतं. काजूच्या दिवसांत बोंडू वेचणाऱ्या बायका असतात, पावसानंतर गुरं आणि गुराखी, करवंदाच्या जाळीमागे शाळा बुडवलेली पोरं. 6 नंबरचा बारीक छर्रा नळी वर धरली तर 200 मीटरच्या आसपास जाऊन पडतो. एस.जी.चा जाड छर्रा अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जातो. खाली उघडा कातळ, त्यावर आपटलेला छर्रा कुठे वळेल त्याचा भरवसा नाही. बारसू, देवाचे गोठणे अशा सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत. हजारो वर्षांपूर्वी कोरलेल्या हत्तीवर कोणी छर्रे मारू नयेत, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

राहिली चिरेखाण. हिच्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. वडील लग्नाला गेले होते आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. गावाबाहेर एक बंद पडलेली खाण आहे. तिन्ही बाजूंना सरळ कापलेल्या जांभ्याच्या पुरुषभर भिंती, तळाला लाल पाणी. मला वाटलं, देवानेच रेंज बांधून दिलीय. मी बिस्किटाचा रिकामा डबा भिंतीला टेकवला, पंधरा पावलं मागे आलो आणि उजव्या नळीचा बार काढला. डबा जागेवरच. पण त्याच क्षणी चष्म्यावर कोणीतरी टिचकी मारावी तसा आवाज झाला. डाव्या काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं होतं. छर्रा भिंतीवरून माघारी आला होता. तो पायाशीच सापडला, एका बाजूने चपटा झालेला, तुरीच्या डाळीएवढा. चष्मा नसता तर आज हे लिहायला मला एकच डोळा असता.

वडील परत आले. त्यांनी काच पाहिली, नळीचा वास घेतला आणि काही बोलले नाहीत. पुढचं वर्षभर बंदूक पुसायची मी आणि कपाटात ठेवायची त्यांनी, असं चाललं. परवाना त्यांचा होता, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही मी चोरच होतो. दुसऱ्याची बंदूक परवान्याशिवाय हातात धरायची मुभा फार थोड्या कारणांपुरती आहे, उदाहरणार्थ मालकासोबत किंवा त्याच्या लेखी संमतीने दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणाला न्यायची. भाच्याला हौस म्हणून एक बार काढू देणं त्यात बसत नाही. शिमग्यात, वरातीत तर मुळीच नाही. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळी झाडली तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे सरावाचा किंवा शिकारीचा परवाना, हा आणखी एक गैरसमज. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी मुळात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक धरलेली आहे. तिने भागणार नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. आमच्या भागातल्या जुन्या घरांत ठासणीच्या इतक्या बंदुका का, याचं उत्तर इथे आहे. आणि रानडुक्कर पिकात उभं असलं तरी 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे. वनखात्याची परवानगी हातात नसताना 'सराव पण होईल आणि डुक्कर पण पडेल' असं मनात आणू नका. रात्री बॅटरीच्या उजेडात हललेल्या झुडपावर बार काढून आपलाच सोबती पाडल्याच्या बातम्या आपण दर एक-दोन वर्षांनी वाचतोच.

मग कुठे? रेंजवर. हे उत्तर कोणाला आवडत नाही, कारण रेंज लांब आहे. मी स्वतः आमच्या दोन जिल्ह्यांत शॉटगनची, म्हणजे आपल्या या छर्र्याच्या बंदुकीची, हवेत क्ले नावाच्या तबकड्या फेकणारी रेंज पाहिलेली नाही. एअर रायफलच्या 10 मीटरच्या रेंज हल्ली तालुक्याच्या गावीही दिसतात आणि मुलं तिथे छान तयार होतात. पण महाराष्ट्राचं नाव झालं ते रायफल आणि पिस्तुलात. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, 2024 ला पॅरिसहून कांस्य आणणारा स्वप्नील कुसाळे, सगळे तिकडचेच. शॉटगनची गोष्ट उत्तरेकडे घडली. 1982 च्या आशियाई खेळांसाठी बांधलेली तुघलकाबादची करणी सिंग रेंज, 2004 ला अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकदम सुटणाऱ्या दोन तबकड्या फोडायच्या प्रकारात, रौप्य मिळवणारे राज्यवर्धन राठोड.

गंमत अशी की या सगळ्याच्या मुळाशी आपलाच माणूस आहे. 1951 साली नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली ती लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने, आणि मावळंकरांचं मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराकडच्या मावळंग्याचं. त्यांच्या नावाने आजही नेमबाजीची स्पर्धा भरते. मावळंग्यावरून जाताना मला दर वेळी हे आठवतं आणि गाडीतल्या कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

तेव्हा पहिलं काम, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या रायफल असोसिएशनकडे जा. 2016 च्या शस्त्र नियमांत शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे, त्याला एस-1 म्हणतात. ते नुसता कागद म्हणून घेऊ नका. शिकवणाऱ्याला तिथेच विचारा की नवशिक्याला शॉटगन कुठे चालवू देतात, कोणाच्या देखरेखीखाली, आणि बंदूक क्लबची मिळते का. क्लबची मिळाली तर उत्तम, कारण तुमच्या परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन दुसऱ्या राज्यात बंदूक नेलीत तर सराव बाजूला राहील आणि वकील शोधावा लागेल. स्वतःच्या बागेत बार काढायचा मनसुबा असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. मी तेच केलं असतं तर चष्मा वाचला असता.

उत्तरेतल्या एका क्लबच्या रेंजवर मी पहिल्यांदा क्लेवर बार काढला तेव्हा पन्नाशीला आलो होतो. क्ले म्हणजे 110 मिलिमीटर रुंदीची, पणतीसारखी ठिसूळ तबकडी, 105 ग्रॅमची. ट्रॅप या प्रकारात ती तुमच्या पुढे 15 मीटरवरच्या खंदकातून सुटते आणि लांब पळत जाते. एका फेरीला 25. मी तीन फोडल्या. शेजारी नववी-दहावीतली एक मुलगी होती, तिने बावीस. शिकवणारे सरदारजी मला म्हणाले की तुम्ही नेम धरताय. मी म्हटलं, मग काय धरायचं? तेव्हा कळलं की रायफलवाला थांबून नेम धरतो आणि शॉटगनवाल्याला बंदूक फिरवत राहावी लागते. चाप ओढतानाही थांबायचं नाही. थांबलात की तबकडी गेलीच.

हे फिरवणं घरी शिकता येतं, आणि पुतण्याला मी पहिला महिना तेवढंच करायला लावलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. बंदूक उघडून दोन्ही नळ्या स्वतः बघायच्या, सोबतच्याला दाखवायच्या. नळीत बसेल अशी बारीक बॅटरी तोंडाशी कापडाने घट्ट करायची. मग माजघरात दिवे घालवून उभं राहायचं आणि उजेडाचा ठिपका आढ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता न्यायचा. बंदूक कमरेपाशी धरून सुरुवात, ठिपका आढ्याला लागला की दस्ता वर. दस्ता आधी गालाला आणि मग खांद्याला लागला पाहिजे. डोकं खाली आणून गाल टेकवायचा नाही. पहिल्या दिवशी पुतण्याचा ठिपका आढ्यावरून वाशावर, वाशावरून देवघराच्या फोटोंवर असा भटकत होता. आमची मंडळी म्हणाली, "घरात काजवो शिरलो काय?" पंधरा दिवसांनी तो सरळ चालायला लागला. रोज दहा मिनिटं पुरतात. त्याहून जास्त केलं की हात थकतो आणि वाईट सवय लागते. चाप ओढायचाच असेल तर नकली काडतूस घालून. जुन्या बंदुकीच्या, काडतुसावर ठोका मारणाऱ्या टाचण्या रिकाम्या ठोक्याने तुटतात.

कानांचं सांगायचं राहिलं. वडिलांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. आई म्हणायची, सोयीचं तेवढंच ऐकतात. फार पुढे मला कळलं की उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून आधी तोच जातो. 12 बोअरच्या बंदुकीचा आवाज 150 डेसिबलच्या वर असतो. कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा, पहिल्या बारापासून.

आता काडतुसं. आपल्याकडे बहुतेक खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान मिळतात. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती ते लिहिलेलं असतं, त्यामुळे सराव जपूनच करावा लागतो. विकत घेण्याआधी मात्र स्वतःची बंदूक वाचा. जुन्या डबल बारीचा, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीचा, कोठा (काडतूस बसतं ती जागा) बऱ्याचदा 65 मिलिमीटरचा असतो, तसं नळीखाली कोरलेलं असतं. हल्लीची काडतुसं 70 ची. फसगत अशी की 70 चं काडतूस 65 च्या कोठ्यात निमूट बसतं, कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं. बार झाला की ते उलगडतं, पुढे जागा नसते आणि दाब भलताच चढतो. मी टेबलावर पट्टी ठेवून पुतण्याला उडवलेलं आणि न उडवलेलं काडतूस शेजारी शेजारी मोजायला लावलं. तो फरक बोटांनी पाहिल्यावर वेगळं समजवायची गरज उरली नाही.

रेंजवर परवानगी असेल तर एकदा कागदावर बार काढा. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून मोठा कागद करा, 40 यार्डांवर लावा, मधे एकच बार. मग छर्‍यांची दाट जागा बघून तिच्याभोवती 30 इंचांचं वर्तुळ काढा आणि भोकं मोजा. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी पुरती आवळलेल्या, नळीचे साधारण 70 टक्के छर्रे आत येतात, मोकळ्या नळीचे 40. डबल बारीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते. माझ्या बंदुकीची डावी नळी थोडी वर मारते, हे मला त्या कागदानेच सांगितलं. तोवर वीस वर्षं मी स्वतःलाच दोष देत होतो.

काडतूस फुटलं नाही तर लगेच उघडू नका, नळी समोरच धरून मनात साठ मोजा.

आणि बार काढण्याआधी दर वेळी नळीतून आरपार बघा. खारी हवा तर आहेच, पावसाळ्यात आठवड्याला तेलाचा बोळा फिरवला नाही तर आतून तांबडं धरतं. पण त्याहून लबाड ती कुंभारीण माशी. कपाटाचं दार जरा उघडं राहिलं की ही बया नळीत चिखलाचं घर बांधते. मागच्या गणपतीत पुतण्या आला, बंदूक उघडून खिडकीकडे धरली आणि म्हणाला, "काका, डाव्या नळीतसून उजेड येना." दीड इंचाचा मातीचा गोळा होता, आत तीन हिरवे कोळी आणि एक अळी. आम्ही बांबूच्या काठीने तो पाडला. मी त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात तुला रेंजवर घेऊन जातो.