नाचघरातला ऑर्गन आणि त्याचं पुठ्ठ्याचं बाड

फ्रान्समध्ये यांत्रिक वाद्यांचं संग्रहालय बघायला गेलात (ओत-साव्वातल्या ले जे गावात चांगलं आहे), तर आपोआप वाजणाऱ्या ऑर्गनच्या रंगीत, कोरीव दर्शनी भागापुढे फार रेंगाळू नका. बाजूला जाऊन चालीची भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं बाड कसं सरकतं ते बघा. सगळी करामत तिथे आहे.

दोन महायुद्धांमधल्या काळात पॅरिसमध्ये आणि बेल्जियमच्या सीमेलगत नाचाच्या कॅफेंमध्ये असे ऑर्गन वाजत. रोज वादकांचा ताफा पोसण्यापेक्षा मालकाला ते परवडे. पॅरिसचे लिमोनेर बंधू आणि अँटवर्पचा मोर्तिए ही ते बनवणाऱ्यांतली बडी नावं. जत्रेतला ऑर्गन उघड्यावर ठणठणीत ऐकू जावा असा. नाचघरातल्याचा आवाज मवाळ. पुढे जॅझची हवा आली तशी दर्शनी भागात ड्रम आणि अकॉर्डियनही बसले. त्यातले काही अकॉर्डियन निव्वळ शोभेचे, पण लोकांना ते हलताना बघायला आवडे!

बाडाची पद्धत ऑर्गन बनवणाऱ्या गाविओली कंपनीची, पेटंट १८९२चं. घड्यांच्या जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून वर लाखेचा हात देतात. रबरी रूळ तो ओढत नेतात. भोक आलं की स्प्रिंगवरची छोटी धातूची किल्ली त्यात उचलली जाते, झडप उघडते आणि भात्याची हवा नळीत शिरते. भोक आडवं कुठे आहे त्यावर सूर ठरतो, लांबीवर त्याचा काळ.

बिघाडही इथलेच. दमट हवेत पुठ्ठा फुगतो आणि कडेच्या पट्ट्यांत अडकतो. किल्लीच्या टोकाने भोकाची कड झिजली की सुराची वेळ चुकते, आणि वॉल्ट्झ नाचाच्या चालीत ते लगेच कानाला खटकतं. किल्ली खाली बसली नाही तर सूर बंदच होत नाही. झडपेचं चामडं गळकं असेल तर एकाच सुराचे भरभर ठोके एकमेकांत मिसळतात. भाता गळत असेल तर खर्जाच्या मोठ्या नळ्या एकदम वाजताच सगळंच किंचित उतरतं.

एका ऑर्गनचं बाड दुसऱ्याला सहसा चालत नाही. किल्ल्यांची संख्या आणि क्रम वेगळा, खर्जात तर मोजकेच सूर. त्यामुळे नवी चाल बसवणारा कारागीर आधी त्या ऑर्गनचा सुरांचा तक्ता मागतो, मग लागेल तशी पट्टी बदलतो.