दाराच्या पट्टीसाठी नवं झाड कशाला?

घर बांधताना सगळ्यात शेवटी आठवण होते ती पट्टीची. चौकट बसलेली असते, गिलावा झालेला असतो, रंगवाला पुट्टी मारून मोकळा झालेला असतो आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की चौकट आणि भिंतीच्या मध्ये नख जाईल एवढी फट दिसतेय. तोवर पैसे संपलेले. दुकानदार दाखवेल ती पांढरी नक्षीदार मोल्डिंग ठोकायची आणि वास्तुशांतीच्या तयारीला लागायचं, असं बहुतेकांचं होतं.

आमच्या लातूरकडे ही फट येणारच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचं घर थोडंफार हलतंच. पट्टीचं मूळ काम ही फट झाकायचं, नक्षी नंतरची. म्हणूनच पट्टी फक्त चौकटीत ठोकायची, भिंतीत खिळा मारायचा नाही. भिंत हलली तरी पट्टी आपल्या जागी राहते.

औसा रोडच्या आमच्या घराचं काम काढलं तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की निदान पट्ट्यांसाठी तरी नवं झाड पडायला नको. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे वहीत हिशोब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. (आमचे हे म्हणाले, "घर बांधायला काढलंय का प्रॅक्टिकल?") हिशोब असा. एका दाराला एका बाजूने सात-सात फुटांच्या दोन उभ्या पट्ट्या आणि वर साडेतीन फुटांची आडवी, म्हणजे साडेसतरा फूट. दोन्ही बाजू धरल्या की पस्तीस. तीन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड पट्टी घेतली तर एका दाराला जेमतेम अर्धा घनफूट लाकूड लागतं. सहा दारांचं सव्वातीन घनफूट. आणि सहा बाय सहा इंचाची, दहा फूट लांबीची एक जुनी तुळई अडीच घनफुटांची असते. करवतीचा भुसा, किडलेली टोकं, खिळ्यांची भोकं सोडून दिली तरी तीन तुळयांत अख्ख्या घराचं भागतं.

तुळया आमच्याकडे होत्या. सासरच्या गावी, निलंग्याच्या बाजूला, वाड्याला माळवद होतं, म्हणजे लाकडी तुळयांवर माती टाकून केलेलं सपाट छप्पर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती आणि वरचा मातीचा भार अंगावर येऊन माणसं गेली आणि या सगळ्या भागात माळवदाची जी धास्ती बसली ती बसलीच. आमचा वाडा उभा राहिला होता, पण घरच्यांनी माती उतरवून वर पत्रे टाकले. तुळया गोठ्यात जाऊन पडल्या. जुन्या लाकडाचे व्यापारी दरसाल विचारायला यायचे आणि सासूबाई दरसाल त्यांना चहा पाजून परत पाठवायच्या. "माळवद गेलं तर गेलं, तुळया इकायच्या न्हाईत," एवढंच बोलायच्या. पट्ट्यांसाठी मागितल्या तेव्हा मात्र लगेच हो म्हणाल्या. घरातलं लाकूड घरातच चाललं होतं ना.

खरी कटकट सॉ मिलवर झाली. जुनं लाकूड म्हटलं की मिलवाले हात वर करतात, कारण आत खिळा असला तर पातं जातं. आमच्या सुतारमामांनी आधी लोहचुंबक दोरीला बांधून तुळईवर इंच-इंच फिरवलं. दोरी ओढली गेली की तिथे खडूने फुली. मग पटाशीने खणून कटावणीने खिळा उपसायचा. निघाले ते लोहाराने ठोकून केलेले चौकोनी खिळे, आणि प्रत्येकाच्या भोवती लाकडात निळसर काळा डाग. (ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने तो बराचसा जातो. हातमोजे घाला.) बाहेरून तुळई चुलीच्या धुराने डांबरासारखी काळी. पहिला काप पडला आणि आतून सोनेरी पिवळा गाभा निघाला, वर सागाचा तो तेलकट वास. मिलवाला पातं बंद करून बघायला आला. मामा म्हणाले, "मॅडम, आसलं लाकूड आता वखारीत पैसे देऊनबी घावत न्हाई."

वाड्याची हिरव्या ऑइलपेंटची जुनी दारंही वापरायचा विचार होता, तो मी सोडला. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण सांगणार. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ लेकरांच्या नाकात घालायची नाही.

आता पट्टी किती रुंद असावी, हा मुद्दा. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि हवा कोरडीठाक, तेव्हा लाकडात पाचेक टक्के ओलावा उरतो. श्रावणात तोच पंधरापर्यंत चढू शकतो. लांबीत याचा फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. चार इंची सागाची पट्टी वाईटात वाईट दोन मिलिमीटर कमीजास्त होते. म्हणून पंचेचाळीस अंशात कापून जुळवलेला कोपरा इथे उन्हाळ्यात तोंड उघडतो. कारागीर कितीही हुशार असो, तो उघडतोच. आम्ही पट्टी अडीच-तीन इंचांवर ठेवली आणि जोड सरळ घेतला: उभ्या पट्ट्यांच्या डोक्यावर आडवी पट्टी, दोन्हीकडे अर्धा इंच बाहेर काढलेली. जुन्या वाड्यांच्या दारांवर बघा, असंच असतं.

त्यात पुन्हा कूलर. बाहेर लाकूड आक्रसतंय आणि हॉलमध्ये कूलरसमोरची पट्टी ओला वारा खात फुगतेय, असे दोन ऋतू एकाच घरात नांदतात. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेली पट्टी मला नको होती ती यामुळेच. स्वस्त आहे, रंग सुंदर घेते, पण कडेने पाणी प्यायली की फुगते आणि फुगलेली पुन्हा बसत नाही. घेणारच असाल तर निदान ई-१ किंवा ई-० असं लिहिलेली घ्या, म्हणजे डिंकातलं फॉर्मल्डिहाइड घरात कमी सुटेल. थर्माकोलच्या जातीच्या पांढऱ्या मोल्डिंगबद्दल एक चांगलं सांगायचं तर त्यातली बरीचशी टाकाऊ मालापासून बनते. पण उन्हाच्या खिडकीशी पिवळी पडते आणि तुटली की कुणी दुरुस्त करत नाही.

प्रत्येकाच्या गोठ्यात तुळया नसतात, हे कळतं. मग रबरवुड बघा. केरळातली रबराची झाडं पंचवीस-तीस वर्षांनी चीक द्यायची कमी होतात, ती तोडून नवी लावतातच. त्या लाकडाला बोरॉनची प्रक्रिया झालेली असली पाहिजे, नाहीतर भुंगा पीठ पाडतो. बांधावरचा सागही चालेल, पण पांढरा भाग काढून नुसता गाभा घ्यायचा आणि तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास बघूनच घ्यायचा. किनवटच्या सागाच्या नावावर काहीही खपवतात. जंगल सांभाळून काढलेल्या लाकडावर असतो तो एफएससीचा शिक्का मागितला तर इथला दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो. तरी मागत राहावं. कडुनिंबाला वाळवी सहसा लागत नाही, पण रेषा उलटसुलट असतात, नक्षी कोरायच्या राउटर यंत्राखाली उचकटतो. साध्या सपाट पट्टीला उत्तम. बाभूळ आम्ही उंबऱ्यांना घेतली, तीही पाण्यात भिजवून मुरवलेली.

स्कर्टिंगला लाकूड लावूच नका. रोज फरशी पुसायची, खालून वाळवी. आम्ही शहाबादीच्या चार इंची पट्ट्या लावल्या.

पॉलिश म्हणून डबल बॉइल्ड जवस तेल, कापडाने पातळ हात, मध्ये एकेक दिवस सोडून. पीयूची (पॉलियुरेथेन पॉलिशची) चकाकी येत नाही, पण ओरखडा पडला तर त्याच जागी पुन्हा तेल चोळता येतं. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवायचं.

बाथरूमच्या दारांना लाकूड लावलं नाही. ग्रॅनाइटची चौकट आणि डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं दार. मामांनी एकदा सुचवून बघितलं, "तुळईचा तुकडा हाय शिल्लक, लावू का?" मी नको म्हटलं. त्या तुकड्याचा सासूबाईंनी देवघरासाठी पाट करून घेतला.