तुम्ही विचारलंत म्हणून: कार्मेन माउरा पाहायची तर सुरुवात कुठून करावी?

पेनेलोपे क्रूझचा ‘बोल्बेर’ हा स्पॅनिश सिनेमा पाहिलेली मंडळी हमखास विचारतात, तिच्या आईचं काम करणारी ती बाई कोण? आणि तिचे आणखी सिनेमे पाहायचे तर आधी कुठला लावायचा?

ती कार्मेन माउरा, स्पॅनिश अभिनेत्री. 1945 साली माद्रिदमध्ये जन्मलेली. स्पेनमध्ये सिनेमाचा सर्वांत मोठा मान असलेला गोया पुरस्कार तिला चार वेळा मिळाला. पण पुरस्कारांची यादी धरून निघालात तर तिची खरी ताकद उशिरा हाती लागते. 1984चा ‘व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?’ आधी लावा. दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवार.

यातली ग्लोरिया लोकांच्या घरची साफसफाई करते. नवरा टॅक्सी चालवतो, सासू केक कुलपात ठेवून घरच्यांनाच विकते आणि माद्रिदच्या हमरस्त्यालगतच्या इमारतीतलं ते घर चिंचोळं. कॅमेरा अधूनमधून वॉशिंग मशीनच्या, ओव्हनच्या आतून तिच्याकडे बघतो. तेव्हा माउराचा चेहरा नीट पाहा. ती दमल्याचा अभिनय करत नाही. हात कामात असतात आणि डोळे भलतीकडेच.

मग आल्मोदोवारचाच ‘लॉ ऑफ डिझायर’ (1987). इथे ती टीना ही ट्रान्स स्त्री साकारते. उकाड्याच्या रात्री रस्ता धुणाऱ्या कामगाराला ती सांगते, माझ्यावर पाणी मार. आणि त्या धारेखाली उभी राहते. याच सिनेमात टीना रंगमंचावर झां कोक्तो या फ्रेंच लेखकाचं नाटक करते: फोनवर प्रियकराशी बोलणारी एकटी बाई. आल्मोदोवारचा पुढचा सिनेमा त्याच कल्पनेतून निघाला, म्हणून हा क्रम मोडू नका.

तो पुढचा म्हणजे ‘विमेन ऑन द व्हर्ज ऑफ अ नर्व्हस ब्रेकडाऊन’ (1988). पेपा डबिंग कलाकार आहे. तिला सोडून गेलेला इवानही त्याच व्यवसायात. त्याचे संवाद आधीच ध्वनिमुद्रित झालेले. पेपा हेडफोन लावून त्याच्या आवाजाला उत्तरं देते आणि कोसळते. समोर माणूस नाही, नुसता आवाज, तरी दृश्य तिने एकटीने पेललंय. यासाठी गोया आणि युरोपियन फिल्म अवॉर्ड, दोन्ही मिळाले.

इथेच पुष्कळांची गफलत होते. डब केलेली प्रत लावली की जिच्या आवाजावर सिनेमा उभा आहे तिचाच आवाज जातो. मूळ स्पॅनिश आणि सबटायटल्स, एवढं पाळाच. ती भरभर बोलते आणि सबटायटल्समध्ये निम्मं गळतं, म्हणून पेपा पोलिसांना गझपाचोची, म्हणजे टोमॅटोच्या थंड सूपची, कृती सांगते तो प्रसंग दोनदा पाहा. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, कांदा, लसूण, तेल, मीठ, व्हिनेगर, शिळा पाव, पाणी. त्यात झोपेच्या गोळ्या आहेत हे पोलिसांना माहीत नसतं, आणि तिचा सूर मात्र शेजारणीला पाककृती सांगावी तसा.

यानंतर 18 वर्षं तिने आल्मोदोवारबरोबर काम केलं नाही. ती त्याच्यामुळेच मोठी झाली असं म्हणणाऱ्यांनी या काळातलं काम पाहावं. कार्लोस साउराच्या ‘आय, कार्मेला!’मध्ये (1990) स्पेनच्या यादवी युद्धात शत्रूच्या हाती सापडलेली नटी कैद्यांसमोर प्रयोग करते. हसवता हसवता तिचा गळा दाटतो, ते बघताना आपलाही दाटतो. आलेक्स दे ला इग्लेसियाच्या ‘ला कोमुनिदाद’मध्ये (2000) मेलेल्या म्हाताऱ्याच्या घरात 30 कोटी पेसेता (स्पेनचं जुनं चलन) सापडलेली इस्टेट एजंट, आणि मागे लागलेले शेजारी. पंचावन्नाव्या वर्षी ती छपरांवरून पळते. गोया दोन्हींसाठी मिळाला. पॅरिसमधल्या स्पॅनिश मोलकरणींवरच्या एका फ्रेंच सिनेमासाठी 2012 साली सेझार हा फ्रेंच सिनेपुरस्कारही.

आता आल्मोदोवारचाच ‘बोल्बेर’ (2006) पुन्हा लावा. कान महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार यातल्या सहा जणींना मिळून दिला होता, ती त्यांतली एक. गाडीच्या डिकीतून ठकठक ऐकू येते, मेलेली म्हणून समजलेली आई बाहेर येते, आणि मुलीच्या घरच्या पार्लरमध्ये रशियन बाई असल्याचं सोंग घेऊन गिऱ्हाइकांचे केस धुऊ लागते. हात पुन्हा कामात, डोळे भलतीकडेच.