राज्याभिषेक लांबला, भाडे कोणी भरायचे?

ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुका २६ व २७ जून १९०२ रोजी लंडनमध्ये निघणार होत्या आणि त्या पाहण्यासाठी हेन्री यांनी पॅल मॅल या रस्त्यावरील क्रेल यांच्या खोल्या, त्या दोन दिवशी फक्त दिवसा वापरण्यासाठी, ७५ पौंडांना ठरवून २५ पौंड अनामत दिली होती. राजावर ऐनवेळी शस्त्रक्रिया करावी लागल्याने मिरवणुका पुढे ढकलल्या गेल्या. खोल्या जागेवरच होत्या आणि करारपत्रात राज्याभिषेकाचा उल्लेखही नव्हता. तरीही मिरवणूक हाच कराराचा पाया होता, असे मानून अपील न्यायालयाने १९०३ मध्ये क्रेल यांचा उरलेल्या ५० पौंडांचा दावा फेटाळला.

त्याच वर्षीच्या हर्न बे खटल्यात मात्र बोट भाड्याने घेणारे हटन हरले. राजाकडून होणारी नौदलाची पाहणी रद्द झाली असली, तरी आरमार स्पिटहेडच्या समुद्रात नांगरून होते आणि त्याभोवती फेरी मारणे शक्य होते. हा भेद मला पटतो, जरी तो काठावरचा असला तरी.

पटत नाही तो १९०४ चा चँडलर खटला. तेथेही मिरवणूक पाहण्यासाठी खोली घेतली होती; पण पैसे आगाऊ देण्याचे ठरले असल्याने, मिरवणूक न पाहता भरलेले १०० पौंड तर गेलेच, शिवाय थकलेले ४१ पौंडही द्यावे लागले. म्हणजे नुकसान कोणी सोसायचे, हे केवळ हप्त्याच्या तारखेवर ठरले. पुढे फिब्रोसा खटल्यात लॉर्ड्स सभागृहाने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हा निर्णय मोडीत काढला, आणि १९४३ च्या कायद्याने आगाऊ रक्कम परत मिळण्याची, तसेच दुसऱ्या पक्षाने केलेला खर्च न्यायालयाच्या विवेकानुसार त्यातून वळता करण्याची तरतूद केली.