आमचे सुतक त्यांना लागत नाही

नागपुरात भोयर हे आडनाव सांगितले की समोरचा माणूस बहुधा दोन प्रश्न विचारतो. ‘मूळ गाव कोणते?’ हा पहिला, आणि ‘म्हणजे तुम्ही पवार का?’ हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला सबळ कारण आहे. बैतूल, छिंदवाडा आणि वर्धा या भागांत भोयर नावाची एक स्वतंत्र शेतकरी जात आहे, जी आज भोयर पवार म्हणून ओळखली जाते. आणि आमच्यासारखी, जात कुणबी पण आडनाव भोयर असलेली घरेही याच मुलखात आहेत. एकच शब्द कुठे जातीच्या रकान्यात बसतो आणि कुठे नावाच्या. गेली सहा वर्षे मी जमेल तशा भोयर घरांच्या जुन्या नोंदी पाहत आहे आणि त्या घरांतील म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेले वहीत उतरवून घेत आहे. त्यातून जे हाती आले, ते आज सलगपणे लिहून ठेवतो आहे.

या कामाला सुरुवात झाली ती एका अडचणीमुळे. माझ्या पुतण्याच्या जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हवा होता, कारण इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत हाच दिनांक धरला जातो. त्याच्या पणजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टराची नक्कल आम्ही मिळवली, तर तिच्यात जातीपुढे नुसते ‘भोयर’ असे टंकलेले होते. प्रकरण तिथेच अडले. मी मूळ रजिस्टर पाहण्याची विनंती केली, ती मान्य व्हायला तीन महिने गेले, आणि पान उघडले तेव्हा गुरुजींच्या वळणदार बालबोध अक्षरात ‘भोयर कुणबी’ असे दोन शब्द स्वच्छ दिसले. दुसरा शब्द रकान्याच्या रेघेवर चढलेला होता आणि नक्कल करणाऱ्याने तो सोडून दिला होता. त्या एका सुटलेल्या शब्दामुळे मुलाचे एक शैक्षणिक वर्ष पणाला लागले होते. आपली ओळख किती बारीक जागेत लिहिलेली असते, हे मला त्या दिवशी उमगले.

त्यानंतर मी मागे मागे जात राहिलो आणि लवकरच एका गोष्टीने चकित झालो. जसजसे जुने कागद हाती येत गेले, तसतसे आडनावच नाहीसे होत गेले. नागपूरचे राज्य 1854 मध्ये इंग्रजांनी खालसा केले, 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, आणि त्यानंतर जमिनीचे बंदोबस्त, म्हणजे मोजणी करून सारा ठरवण्याचे काम, सुरू झाले. त्या काळातील जे गावकागद मला पाहायला मिळाले, त्यांत माणूस ओळखला जातो तो ‘अमुक वल्द अमुक, जात कुणबी, राहणार मौजे अमुक’ अशा रीतीने. बापाचे नाव आहे, जात आहे, गाव आहे, शेताचा नंबर आहे, तो मौरुसी काश्तकार, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क असलेले कूळ, आहे की साधारण हेही आहे. आडनावाला मात्र तिथे काही काम नाही. गावात ज्याला सगळे ओळखतात, त्याला आडनावाची गरज पडत नाही. ती पडते शाळेत नाव घालताना, गिरणीत लागताना, कोर्टात उभे राहताना. 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे शहरात येऊ लागली. आमच्या घराण्यातून गिरणीत गेलेल्या चुलत पणजोबांच्या बिल्ल्यासोबत जपून ठेवलेल्या एका चिठोऱ्यावर मला ‘भोयर’ हा शब्द आमच्या कुटुंबात पहिल्यांदा सापडला. त्यांचे धाकटे भाऊ गावात राहिले, ते कागदावर कितीतरी वर्षे नुसते ‘वल्द’ होते.

म्हणून आडनावाच्या आधारे शोध घेणाऱ्याला माझे पहिले सांगणे असे आहे, की आडनाव बाजूला ठेवा आणि गावाचे नाव व बापाचे नाव घट्ट धरा. आपण समजतो त्याहून आडनाव फार अलीकडचे असते.

मोडी कागदांत तर अडचण आणखी वाढते. मोडीत शिरोरेघ आधी ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळत नाहीत. एका खरेदीखताच्या जीर्ण तुकड्यावर साक्षीदाराचे नाव, त्याला लागून ‘भोयर’ आणि त्याला लागून ‘पाटील’ असे एकाच रेघेखाली लोंबत आले आहे. तो भोयर जातीचा पाटील होता, की भोयर नावाच्या घरातला पाटील होता, की भोयर हे त्याच्या वाडवडिलांपैकी कोणाचे नाव होते, हे त्या कागदावरून ठरत नाही. ज्यांच्याकडून मी मोडी शिकलो, त्या गुरुजींना मी तो दाखवला. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “अक्षर मी वाचून देतो, अर्थ तुम्हाला गावातच मिळेल.” अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आहे, ही चांगली गोष्ट आहे; पण घाईच्या वाचनात असा सलग आलेला शब्द आपल्या सोयीच्या ठिकाणी तोडण्याचा मोह होतो, आणि तो मोह मलाही झाला होता.

भोयर या शब्दाबद्दलची छापील माहिती शोधताना रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील 1916 च्या ग्रंथापाशी पोचावेच लागते. तिथे भोयर जातीबद्दल एक कथा दिली आहे. हे लोक मूळचे धारानगरीचे पवार. औरंगजेबाने धारला वेढा घातला तेव्हा तटाच्या पश्चिम बाजूचे रक्षण त्यांच्याकडे होते. त्यांनी जागा सोडली आणि पहाटे, म्हणजे भोर होताना, ते पळताना दिसले, म्हणून ते भोयर. ही कथा आजही लोक पुढे सांगतात आणि मला तिचे वाईट वाटते. माळवा अकबराच्या काळातच मोगलांच्या ताब्यात गेला होता. औरंगजेबाने शंभर वर्षांनी धारला वेढा घालण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय स्वतःच्या वाडवडिलांनी पळ काढला ही गोष्ट कोणी आपणहून साहेबाला सांगेल, हे मनाला पटत नाही. अशी व्युत्पत्ती बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या तोंडून येते. वर्ध्याकडच्या एका भोयर पवार आजोबांना मी या कथेबद्दल विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “धारहून आलो हे आमच्या घरात सांगतात. पळून आलो हे आम्ही पुस्तकात वाचलं.” दोन वाक्यांत त्यांनी छापील कागद आणि घरची आठवण यांची सीमारेषा आखून दिली.

आमच्या कुणबी भोयरांत मात्र धारचे नाव कोणी काढत नाही. मग आम्ही भोयर कसे झालो? या प्रश्नाला माझ्याकडे तीन घरांतून तीन उत्तरे आली. एका घरी सांगतात की आडनाव आजोळाकडून आले. दुसऱ्या घरी सांगतात की मूळ पुरुषाला शेजारच्या भोयरांनी सांभाळले, म्हणून लोक त्याला त्याच नावाने हाक मारू लागले. तिसऱ्या घरी ‘पहिलेपासून हेच’ यापलीकडे काही नाही. तिन्ही उत्तरे मी जशीच्या तशी उतरवली आहेत आणि त्यांतले एक निवडण्याची घाई करीत नाही.

या तीन घरांचे एकमेकांशी नाते आहे की नाही, हे शोधताना मला सर्वांत मोठी मदत झाली ती काटोल तहसिलीतल्या माझ्या आत्याबाईंची. त्यांचे वय नव्वदीच्या पुढे आहे, अक्षरओळख नाही, आणि पाच पिढ्यांची सोयरीक त्यांना पाठ आहे. मी त्यांच्यासमोर वंशावळीचा मोठा कागद पसरला आणि नागपूरच्या एका भोयर घराण्याला आमच्या शाखेशी जोडणारी पेन्सिलची रेघ दाखवली. दोन्हीकडे एकाच नावाचा पूर्वज होता, गावे शेजारची होती, काळ जुळत होता. आत्याबाईंनी कागदाकडे पाहिलेही नाही.

“आपलं सुतक त्याईले लागत नाई बापू,” त्या म्हणाल्या, “न् त्याईचं आपल्याले नाई. मंग ते भाऊबंद कसे?”

सुतकाचा हा पुरावा मला कोणत्याही दफ्तरात सुचला नसता. घरात मृत्यू झाला की भावकीतल्या प्रत्येक घराला दहा दिवस सुतक असते. त्या घरी गोडधोड होत नाही, देवपूजा होत नाही, ठरलेले लग्नही पुढे ढकलावे लागते. इतकी अडचण कोणी नाते नसताना सोसत नाही आणि नाते असताना सहसा टाळत नाही. ज्या घरी निरोप धाडला जातो ती भावकी, असा हा हिशेब दर मृत्यूला पुन्हा तपासला जातो आणि दर पिढीला ताजा होतो. मी ती पेन्सिलची रेघ खोडली. पुढे दोन वर्षांनी त्या घराण्याचा जो गावकागद मिळाला, त्यात त्यांच्या पूर्वजाच्या बापाचे नाव आमच्याहून वेगळे निघाले.

मी अनुभवाने असेही सांगेन की ही माहिती पुरुषांकडे कमी आणि बायकांकडे जास्त असते. पुरुष जमिनीची वाटणी सांगतात, कोर्टातली भांडणे सांगतात, आणि आपली शाखा मोठी करून सांगतात. लग्न होऊन आलेल्या बाईला मात्र दोन घरांचे नाते शिकून घ्यावेच लागते. कोणाच्या पाया पडायचे, कोणाचे नाव घ्यायचे नाही, कोणाच्या मरणाला डोक्यावरून पाणी घ्यायचे, हे चुकले तर बोल तिलाच लागतो. तिचे स्वतःचे आडनाव बदललेले असते आणि वंशावळीत तर ती दिसतही नाही. मी काढलेल्या पहिल्या वंशावळीत एकशे बारा पुरुष होते आणि एकही स्त्री नव्हती. ती वंशावळ मी बाद केली आणि नव्याने लिहायला घेतली; आता प्रत्येक नावासोबत आई कोणाची, माहेर कोणते, हे विचारतो.

कागदांमध्ये माझा सर्वांत जास्त जीव जडला तो कोतवाल बुकांवर. मध्य प्रांतात गावचा कोतवाल गावातील जन्म-मृत्यूची नोंद ठेवी आणि ठाण्यावर नेऊन ती दाखल करी. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मृत्यू असेल तर कारण. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण नाव ठेवले जाते बारशाला आणि कोतवाल येऊन जातो त्याच्या आधी. मृत्यूची कारणेही मोजकीच: ताप, हैजा, देवी, खोकला. 1918 च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे देशातील सर्वांत होरपळलेल्या भागांपैकी होते, पण त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांची पाने उलटताना इन्फ्लुएंझा हा शब्द मला कुठेही दिसला नाही. एकाखाली एक ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ असे लिहिलेले आहे, आणि एका पानावर तर कोतवालाने पुढे पुढे वरच्यासारखेच अशी नुसती खूण केली आहे. त्या पानावर माझ्या पणजोबांच्या नावापुढे दोन ओळी आहेत. पहिली त्यांच्या भावाची. दुसरीत फक्त ‘मुलगी’, वय दोन वर्षे, ‘ताप’.

या मुलीबद्दल घरात कोणी कधी बोलले नव्हते. पानाची छायाप्रत घेऊन मी पुन्हा आत्याबाईंकडे गेलो आणि त्यांना ती ओळ वाचून दाखवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की ती मानमोडीची साल होती. गावात प्रेताला खांदा द्यायला माणसे उरली नव्हती, असे त्यांची आजी सांगत असे. “ते सगुणा होती,” त्या म्हणाल्या. आजी दर दिवाळीला एक पणती वेगळी लावायची आणि कोणी विचारले तर सगुणाची आहे म्हणायची; सगुणा कोण हे लहानपणी यांना कळले नव्हते, आणि नंतर विचारायचे राहून गेले. मी वही काढली आणि कोतवालाच्या नोंदीखाली ते नाव लिहिले. आत्याबाईंनी मला ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले, आणि पुन्हा एकदा वाच, म्हणाल्या.