वारुळापासून पंचवीस फूट

माझं एम.फिल. मराठीत आणि धंदा पेस्ट कंट्रोलचा. कुडाळ-वेंगुर्ला पट्ट्यात हे कळलं की गिऱ्हाईक आधी हसतं, मग रेट विचारतं. प्रबंधाचा विषय होता संतकाव्यातील कीटकप्रतिमा. तुकोबांची साखरेचा रवा खाणारी मुंगी, मुक्ताईची आकाशी उडून सूर्य गिळणारी मुंगी, कोरडं लाकूड कोरणारा पण कमळाच्या कोवळ्या कळीत अडकणारा ज्ञानेश्वरीतला भुंगा. तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, पगार कधी यायचा ते विचारू नका. शेवटी मेहुण्याचा पंप पाठीला लावला.

प्रबंधातली अठरा पानं एकट्या भ्रमर-कीटक न्यायावर होती. माशीने अळी मातीच्या घरट्यात कोंडायची, भोवती गुणगुणायचं आणि त्या ध्यासाने अळीचीच माशी व्हायची. जिवाचा शिव होतो तो असा. धंद्यातल्या पहिल्याच महिन्यात एका मीटर-बोर्डामागे कुंभारमाशीचं घरटं सापडलं. पेचकसाने फोडलं. आत पाच-सहा हिरव्या अळ्या. बोट लावलं की किंचित आकसायच्या, पण हलता येत नव्हतं. माशीने नांगी मारून लुळ्या केलेल्या. त्यांच्यात माशीचं पिवळसर पोर, एक अळी अर्धी खाल्लेली. घरट्यातून शेवटी माशीच बाहेर पडते हे खरं. कोंडलेली अळी मात्र तिचा शिधा झालेली असते. त्या रात्री ती अठरा पानं पुन्हा वाचली. दृष्टान्त जागच्या जागी होता. मीच कधी घरटं फोडून पाहिलं नव्हतं.

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वेंगुर्ला तालुक्यातलं जुनं चिरेबंदी घर. मुंबईहून आलेल्या मुलाला त्याचा होमस्टे करायचा होता आणि माजघरावरच्या फणसाच्या वाशांना वाळवी लागली होती. मागच्या पडवीला लागून, परसात, कंबरभर उंच वारूळ. त्यावर हळदकुंकू, सुकत आलेली अबोलीची वेणी. मुलगा म्हणाला, "आधी हे फोडा, राणी काढा. बाकीचं मग."

त्याची आई वारुळापुढे पाट टाकून बसली होती.

"हेका हात लावलस तर बघ."

"आजी, वाळवी घर खाते."

"वाळवी वाशाक लागली. ही सातेर आसा."

मी पंप खाली ठेवला. सातेरी मला नवी नव्हती. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता तीच, आणि इकडच्या कित्येक देवळांत गाभाऱ्यात वारूळच पुजलेलं असतं. लोकदैवतांचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांनी वारूळ म्हणजे भूमीचं गर्भाशय, हे किती तपशिलात मांडलंय. माझीही तीस पानांची टिपणं होती. मार्गदर्शकांनी "संतकाव्यात सातेरी कुठे आहे?" म्हणून ते प्रकरण काढायला लावलं. नियमाने बरोबरच होतं. (उलट वाळवीला मी 'पांढरी मुंगी' या नावावर भुलून मुंगीच्या प्रकरणात बसवलं होतं. ती झुरळाच्या कुळातली. ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.)

तर इतक्या वर्षांनी त्या तीस पानांना श्रोता मिळाला. मुलाला बाजूला घेऊन मी सुरू केलं, "तुमच्या आईसाठी हे भूमातेचं प्रतीक आहे..."

म्हातारीचे कान तिखट. "परतीक म्हणजे काय रे?"

"म्हणजे आजी, एका वस्तूत दुसरी दिसणं."

"माका दुसरी खंय दिसता? हीच दिसता."

अख्खी तोंडी परीक्षा झाली, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. गप्प बसून टॉर्च काढला.

वाळवी उघड्यावर चालत नाही, मातीची नळी बांधत जाते. वारुळाकडच्या भिंतीवर एकही नळी नव्हती. सगळ्या पूर्वेच्या भिंतीवर, जिथे जळाऊ लाकडांची रास टेकून रचलेली आणि शेजारी न्हाणीचं पाणी मुरत होतं. एक नळी नखाने खरवडली तर आतून पांढऱ्या कामकरी धावत सुटल्या. मुलाला दाखवलं: लाकडं हलवा, पाणी बाहेर काढा, औषध या बाजूला मारतो.

एक गोष्ट मी बोललो नाही. जमिनीखालून दोन्हीकडची वसाहत एकच असू शकते. आणि आम्ही वापरतो ते इमिडाक्लोप्रिड वाळवीला जाणवत नाही. ती त्यातून चालत जाते आणि अंगाला लागलेलं घरच्यांना वाटते. म्हणजे हात न लावताही मी आजीची सातेर मारू शकत होतो. भिंतीच्या कडेने फूट-फूट अंतरावर भोकं पाडत आलो आणि वारूळ पंचवीस फुटांवर असताना ड्रिल बंद केलं. आजी मागोमाग चालत होती.

"हंयसून फुडे नाय," ती म्हणाली.

"नाय," मी म्हटलं.

काम अर्धवट सोडल्यावर गॅरंटी लिहून देता येत नाही, तसं मुलाला सांगितलं. त्याने अर्धेच पैसे दिले. उरलेले अजून यायचेत, आणि मीही फोन केलेला नाही.

श्रावणात आजीने एका रिक्षावाल्याच्या हाती केळीच्या पानात बांधून अळंबी पाठवली. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते आणि पावसात त्याच बुरशीच्या छत्र्या जमिनीवर येतात. तेव्हा पहिल्यांदा कळलं की वारूळ जिवंत आहे. देठांना लाल माती तशीच होती.

बायको पुडी हातात धरून उभी. "तू औषध मारलंस त्याच घरची ना? खायची का?"

"पंचवीस फूट सोडून मारलंय. कर."

ती आत गेली. मग मीच मागून ओरडलो, "तरी दोन पाण्यांतून काढ."