व्हेनिसच्या गोंडोलात बसायचंय? मग हे वाचून जा

व्हेनिसला निघालेला प्रत्येक जण विचारतो, गोंडोलाला, म्हणजे तिथल्या वल्ह्याने चालणाऱ्या लांबट बोटीला, एवढे पैसे घालावेत का. घाला, नक्की घाला, फक्त ग्रँड कनालवर, म्हणजे मुख्य कालव्यावर नको, आतल्या बोळांमधले कालवे मागा.

आधी पैशांचं. दर ठरलेला आहे, नोव्हेंबर २०२३ पासून दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११०, आणि हा दर अख्ख्या बोटीचा असतो, माणशी नाही! जास्तीत जास्त पाच जण बसतात, त्यामुळे ग्रुप जमवलात तर दिवसा माणशी १८ युरोच पडतात. गाणंबिणं हवं असेल तर त्याचे वेगळे. बसायच्या आधीच किती मिनिटं आणि कुठून नेणार हे विचारून घ्या, आणि सान मार्को चौकातली गर्दी सोडून जरा आतल्या धक्क्यावर जा.

आम्ही आतल्या कालव्यात वळलो आणि एकदम शांत झालं, नुसता वल्ह्याचा आवाज. भिंतींचा गिलावा गळून विटा उघड्या पडलेल्या, दारांच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या आणि खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. कोपरा आला की गोंडोलावाला 'ओए' अशी हाक देतो, पूल आला की वाकतो, भिंत फार जवळ आली तर पायानेच बोट ढकलतो. त्याच्याकडे वल्हं एकच, तेही उजव्या बाजूला, तरी बोट गोल फिरत नाही कारण तिची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटर रुंद बांधलेली असते. वल्हं टेकवायचा तो अक्रोडाच्या लाकडाचा वाकडातिकडा खुंटा नीट बघा, त्याला फोर्कोला म्हणतात, त्याच्या वेगवेगळ्या खाचांवर वल्हं ठेवून तो पुढे, मागे, वळण सगळं करतो. मला तर महालांपेक्षा हेच बघत बसावंसं वाटत होतं.

भरती जास्त असेल तर ठेंगण्या पुलांखालून बोट जात नाही, त्यामुळे त्या दिवशीचं पाणी बघून जा. चढताना घाई नको, तो सांगेल तिथेच बसा, तोल सांभाळायचा असतो.

बजेट नसेल तर त्रागेत्तो आहे, म्हणजे ग्रँड कनाल ओलांडून पलीकडे सोडणारी सगळ्यांची मिळून बोट, साधारण २ युरोत. सांता सोफियाच्या धक्क्याहून रियाल्तोच्या मासळीबाजाराकडे जाणारी सकाळी पकडा, फार उशीर केलात तर बंद झालेली असते. काठावरचे महाल बघायला १ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बस, पुरते. आणि सान त्रोवासोला गोंडोला दुरुस्त करायचा जुना कारखाना आहे, तो कालव्याच्या समोरच्या काठावरून फुकटात दिसतो, तिथे जरूर थांबा.